भीमरावांची मॅट्रिक आणि सुभेदारांची शिकवणी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेचा विषय निघाला की कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि संविधान सभा यांचा उल्लेख हटकून होतो. जयंतीच्या व्यासपीठावरून पदव्यांची यादी वाचली जाते आणि सभामंडप टाळ्यांनी दुमदुमतो. त्या टाळ्यांत मीही असतो. परंतु आयुष्याची बहुतेक वर्षे निवासी शाळेतील मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेल्यामुळे माझे मन त्या यादीच्या अलीकडच्या सात वर्षांपाशी अधिक रेंगाळते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले आणि १९०७ साली तोच मुलगा मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. या सात वर्षांत त्याला इंग्रजी आले कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. अलौकिक बुद्धिमत्ता असे म्हटले की प्रश्न मिटतो; आणि त्याचबरोबर एका बापाचे श्रमही नजरेआड होतात.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. त्या काळच्या लष्करात शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सक्ती होती, आणि गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना वर्ज्य होता त्यांना पलटणीच्या शाळेत अक्षरे मिळाली. रामजी तेथे शिकले, शिक्षकाची तयारी करून घेणाऱ्या लष्करी नॉर्मल स्कुलात गेले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचे चौदावे अपत्य भीमराव. जन्म महू येथे, १४ एप्रिल १८९१ चा. पुढच्याच वर्षी महारांची सैन्यभरती बंद करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागताना रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले होते. राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणे मांडायचे तर ते राज्यकर्त्यांच्या भाषेत आणि त्यात खोट निघणार नाही असे मांडावे लागते, हे या सुभेदारांना अनुभवाने ठाऊक होते. मुलाच्या इंग्रजीविषयी त्यांनी पुढे जो ध्यास घेतला, त्याचे मूळ मला येथेच दिसते.

निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. १८९६ साली भीमाबाई निवर्तल्या. मुलांचे संगोपन आत्या मीराबाईंनी केले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतल्याशिवाय तहान भागवता येत नसे, हे आपण सर्व जाणतो. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, त्या दिवसांत या मुलाचे अभ्यासात मन नव्हते. रामजींनी दुसरे लग्न केले तेव्हा तो मनातून दुखावला. बापाच्या अन्नावर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम धरायचे, असा बेत त्याने केला. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी लांबवायची होती. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतो तो आत अवघा अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याची त्याला स्वतःचीच लाज वाटली. पळून जाण्याचा विचार सुटला आणि लवकर शिकून आपल्या पायावर उभे राहण्याचा निश्चय झाला. आपल्या वसतिगृहातून पळून जाण्याच्या बेतात असलेल्या एकदोघांना मी ही हकीकत सांगितली आहे. त्यांनी ती कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकली.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत राहावयास आले. खोली एकच. स्वयंपाक, निजणे, अभ्यास, सरपण, पाहुणे, सारे त्याच खोलीत. उशाशी जाते आणि पायथ्याशी बांधलेली शेळी. सभोवती गिरणी कामगारांची वस्ती, दिवसभर गलबला. अशा ठिकाणी अभ्यासाला शांतता मिळायची ती रात्रीच. दोघांनी एकदम पसरावे एवढीही जागा नव्हती, म्हणून रामजींनी एक व्यवस्था लावली. संध्याकाळ सरताच भीमरावाने झोपायचे. रामजी स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपण अंग टाकीत. मग रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत मुलाचा अभ्यास चाले. नुसते घड्याळ लावून हे होत नाही. बापाला आपली अर्धी रात्र रोज द्यावी लागते.

या शिकवणीत दोन पुस्तकांना मोठे स्थान होते. एक हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि दुसरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे एके काळचे प्रमुख. त्यांच्या नावाची ही क्रमिक पुस्तके रामजींनी मुलाकडून पाठ करून घेतली. तर्खडकरांच्या पाठमालेचे तिन्ही भाग त्यांनी करून घेतले. आजच्या तरुण पालकांना ही पाठमाला नावानेच माहीत असेल, म्हणून तिच्या रीतीविषयी थोडे लिहितो. प्रत्येक धड्यात व्याकरणाचा एखादा नियम, त्याला लागणारे नवे शब्द, आणि मग वाक्येच वाक्ये; काही इंग्रजीतून मराठीत आणण्यासाठी, काही मराठीतून इंग्रजीत नेण्यासाठी. सारा कस या दुसऱ्या फेरीत लागतो. इंग्रजी वाक्याचा मराठीत अर्थ सांगणे सोपे. पाचवीतला मुलगाही अंदाजाने सांगतो. परंतु मराठी वाक्य इंग्रजीत न्यायला लागा, म्हणजे आपले अज्ञान एकेक करून उघडे पडते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी स्वस्थ बसते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ आणावे लागते. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून चिकटतात, तिकडे तीच कामे नामाच्या आधी येणारी स्वतंत्र अव्यये करतात. 'अ', 'अॅन' आणि 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच, त्यामुळे ती कोठे घालावीत आणि कोठे गाळावीत हे मराठी मुलाला कान तयार झाल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे ताप माणसाला येतो. इंग्रजीत तो माणसाजवळ असतो. असे शेकडो फरक नियम वाचून ध्यानात राहत नाहीत. चुकून, खोडून, पुन्हा लिहूनच ते अंगी मुरतात.

आणि येथे पाठांतराचा उपयोग कळतो. पाठांतराला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवण्याची आजकाल रीत आहे, आणि उत्तरपत्रिकेत छापील निबंध उतरवून काढणाऱ्या मुलांना ती नावे शोभतातही. पण ज्या घरात आणि ज्या चाळीत इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तेथील मुलाच्या डोक्यात शुद्ध इंग्रजी वाक्यांचा साठा यायचा कोठून? हॉवर्डच्या वाचनमालेने तो साठा दिला आणि तर्खडकरांच्या पाठमालेने तो वापरायला लावला. दहावीच्या वर्गात कर्तरीचे कर्मणी करताना किंवा प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष करताना आपली मुले नियम बिनचूक सांगतात आणि वाक्य चुकीचे लिहितात, तेव्हा मला वाटते की त्यांच्याजवळ नियम आहेत, वाक्ये नाहीत. भीमरावांजवळ दोन्ही होते. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांची ही गोडी त्यांना पुढेही सुटली नाही. उत्तरायुष्यात, मंत्रिपद आणि आजारपण यांच्या धकाधकीतही, त्यांनी पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर चिकाटीने काम केले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाचा सोळावा खंड त्यानेच भरला आहे.

पुस्तकांना पैसे लागत. निवृत्तिवेतनात घरखर्चच जेमतेम भागे. भीमरावांना मात्र शाळेच्या पुस्तकांपलीकडची पुस्तके हवी असत. परीक्षेचा अभ्यास सोडून हे अवांतर वाचन कशाला, असे रामजींना वाटे, तरी मुलाने मागितलेल्या पुस्तकाला त्यांनी नकार दिला नाही. हाताशी पैसे नसले की ते विवाहित मुलींकडे जात. तुळसा आणि मंजुळा या बहिणींकडून उसने पैसे घेत. ते नसतील तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच तो सोडवून परत देत. थोरले बंधू आनंदराव यांनी शाळा सोडून नोकरी धरली. दोघांना शिकवण्याची त्या घराची ऐपत नव्हती. भीमरावांच्या मॅट्रिकचा हिशेब मांडताना बहिणींचे दागिने आणि भावाची सुटलेली शाळा याही रकमा जमेस धरल्या पाहिजेत.

मुंबईत थोडे दिवस मराठा हायस्कूल आणि नंतर एल्फिन्स्टन हायस्कूल, असा त्यांचा शालेय प्रवास झाला. एल्फिन्स्टन ही सरकारी आणि नामांकित शाळा. तेथे भीमरावांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याला ते शिकवले जाणार नाही म्हणून नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने मिळवलेच. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील या भीतीने मुलांनी एकच कल्लोळ केला आणि डबे बाजूला घेईपर्यंत त्यांना थांबावे लागले. अशा वर्गात बसून त्यांनी मॅट्रिकची तयारी केली. संस्कृतची दारे बंद होती. इंग्रजीच्या दारावर मात्र जातीचा पहारेकरी नव्हता. ते परक्यांचे दार होते, पण उघडे होते. बापलेकांनी त्या दारावर एवढे बळ का एकवटले, ते यावरून समजून घ्यावे.

शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि मराठीतील नामवंत चरित्रकार. इतर मुले खेळत असताना एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके आणून दिली आणि काय वाचावे हेही सांगितले. घरी रामजींनी भाषा पक्की करून घेतली होती. त्या भाषेतून जग पाहण्याची वाट केळूसकरांनी दाखवली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. हा आकडा मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. मुलांना आधी तो खरा वाटत नाही. मग कोणीतरी हळूच टक्केवारी काढतो, आणि वर्गात निराळीच शांतता पसरते. गुण थोडे होते, पण त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही अपूर्व घटना होती. समाजाने सत्काराची सभा भरवली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. केळूसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. ही सभा चरित्रकार मॅट्रिकच्या वेळची सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथीच्या वेळची म्हणून आठवली आहे. मुलगा शेफारेल म्हणून रामजी आरंभी या सभेला राजी नव्हते, असेही त्यांनी तेथे नोंदवले आहे. इयत्ता कोणतीही असो. एका परीक्षेच्या निमित्ताने ते पुस्तक त्यांच्या हाती आले आणि १९५६ साली नागपूरला पोहोचलेल्या वाटेचे पहिले पाऊल तेथे पडले.

पुढचे सारे वेगाने घडले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना केळूसकरांच्या खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोडेच दिवस लोटले आणि वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरले, आणि तेवढ्यात गाडी निघून गेली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी डोळे मिटले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तेथील ग्रंथालयात त्यांनी रात्रंदिवस घालवले, १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा निबंध विद्वानांपुढे इंग्रजीत वाचला. त्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे.

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलनशास्त्रासारखा रुक्ष विषय, इंग्रज अर्थतज्ज्ञांशी घातलेला वाद, आणि ज्यात कोठे शब्द अडखळत नाही असे इंग्रजी. त्या ग्रंथाच्या आरंभी अर्पणपत्रिका आहे. माझ्या शिक्षणासाठी ज्यांनी झीज सोसली आणि ज्यांना त्या शिक्षणाचे मोल कळले, त्या आईवडिलांच्या स्मृतीस तो अर्पण केलेला आहे, असा तिचा आशय. तो ग्रंथ छापून आला तेव्हा भीमाबाईंना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती आणि सुभेदार रामजींना दहा.