अश्वशक्तीचा हिशेब आणि जेम्स वॅट

किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली गेली. गोष्ट गोड आहे. परंतु तिच्यात तथ्य नाही. थॉमस न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन इंग्लंडमध्ये १७१२ सालीच, म्हणजे वॅटच्या जन्माच्या चोवीस वर्षे आधी, खाणीतले पाणी उपसू लागले होते. वॅटचे कर्तृत्व निराळे आहे. त्याने इंजिनाची उधळपट्टी थांबविली, आणि वाचलेल्या पैशाचा हिशेब मांडता मांडता शक्तीचे एक माप जगाला दिले.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात १९ जानेवारी १७३६ रोजी त्याचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, हात मात्र कुशल. लंडनमध्ये वर्षभर उपकरणे बनविण्याची विद्या शिकून तो परतला व १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात कामासाठी जागा दिली. तेथेच काही वर्षांनी न्यूकोमेन-इंजिनाची एक नादुरुस्त प्रतिकृती त्याच्याकडे आली. वाफ थंड करण्यासाठी प्रत्येक फेऱ्याला सगळे सिलिंडर थंड पाण्याने निववायचे आणि पुन्हा तापवायचे, यातच बहुतेक कोळसा वाया जातो, हे त्याच्या ध्यानी आले. वाफ निराळ्या पात्रात नेऊन थंड करावी, सिलिंडर सदैव तप्तच राहू द्यावे, ही युक्ती त्याला १७६५ मध्ये सुचली.

युक्ती सुचणे आणि यंत्र उभे राहणे यांत अकरा वर्षे गेली. १७६९ मध्ये पेटंट मिळाले. पण भांडवल पुरविणारा जॉन रोबक १७७३ मध्ये दिवाळखोर झाला आणि त्याचा हिस्सा बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याच्याकडे गेला. मधल्या काळात पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडत होता. १७७५ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढविली. एडमंड बर्कने या मक्तेदारीला सभागृहात विरोध केला होता, तो व्यर्थ गेला.

कॉर्नवॉलच्या तांब्याच्या व कथिलाच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे व तो महाग पडे. त्यामुळे वॅटचे पहिले मोठे गिऱ्हाईक तेच. बोल्टन आणि वॅट इंजिनाची केवळ किंमत घेऊन थांबत नसत. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते मागत. त्यासाठी इंजिनाचे हेलकावे मोजणारा गणक कुलूपबंद पेटीत बसविलेला असे. इंजिन जितके राबेल तितके देणे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा करार न्याय्यच म्हणावा लागेल. खाणमालकांना मात्र तो दरमहा टोचत राही.

पुढे १७८१ नंतर वॅटने चाक फिरविणारे इंजिन तयार केले आणि गिरण्या व मद्याच्या भट्ट्या यांची मागणी येऊ लागली. येथे एक अडचण उभी राहिली. या गिऱ्हाइकांकडे जुने इंजिन नव्हतेच, घोडे होते. वाचलेला कोळसा मोजायचा कोणाच्या तुलनेत? तेव्हा घोड्यालाच माप करणे भाग पडले. १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेरे घालणारा घोडा १८० पौंडांच्या ओढीने काम करतो असे धरून वॅटने गणित केले. ते साडेबत्तीस हजारांच्या किंचित वर गेले. त्याने ३३,००० हा सोयीचा आकडा घेतला. म्हणजे ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे ही एक अश्वशक्ती. दर अश्वशक्तीला वर्षाकाठी पाच पौंड, लंडनमध्ये सहा पौंड, असा आकार ठरला.

दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याला एवढे काम झेपत नाही. जॉन स्मीटनसारख्या तोलामोलाच्या अभियंत्याचा अंदाज २३,००० च्या आसपास होता. पण मोठ्या मापाने गिऱ्हाइकाचेच हित झाले. दहा अश्वशक्तींचे इंजिन घेणाऱ्याला दहा घोड्यांहून अधिक काम मिळाले, तक्रारीला जागाच उरली नाही. मात्र कॉर्नवॉलच्या कराराशी तुलना करता एक फरक नजरेत भरतो. तेथे आकारणी बचतीवर होती. येथे ती यंत्राच्या क्षमतेवर झाली. इंजिन चालो वा थंड पडो, आकार तोच.

मक्तेदारीची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. हॉर्नब्लोअर प्रभृतींशी खटले १७९९ पर्यंत चालले. जास्त दाबाची वाफ वॅटला धोक्याची वाटे, आणि पेटंट हाती असेतो त्या वाटेने कोणी फारसे पुढे जाऊ शकले नाही. १८०० मध्ये मुदत संपली, आणि चारच वर्षांत रिचर्ड ट्रेव्हिथिकचे जास्त दाबाचे इंजिन वेल्समध्ये रुळांवर धावले. वॅट तेव्हा धंद्यातून निवृत्त होऊन घरच्या कार्यशाळेत पुतळ्यांच्या प्रतिकृती काढणाऱ्या यंत्रात रमला होता. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो वारला.

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने विद्युत्‌शक्तीच्या एककाला वॅटचे नाव सुचविले. सेकंदाला एक ज्यूल काम म्हणजे एक वॅट. अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. वॅटच्या नावाच्या एककाने वॅटच्याच एककाला पाठ्यपुस्तकांतून मागे सारले. व्यवहारातून मात्र घोडा हटला नाही. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या शेतीपंपाचे वीजबिल पंपाच्या अश्वशक्तीवर आकारण्याची रीत पडली, आणि विहीर भरलेली असो वा कोरडी, आकार तोच राहिला.