दगडावरचे एक अक्षर

मनुष्य जे करतो ते कशासाठी करतो? व्हिएन्ना शहरातील सिग्मंड फ्रॉइड यांनी याचे उत्तर सुखाच्या ओढीत शोधले, आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी न्यूनगंडावर मात करण्याच्या धडपडीत. त्याच शहरातले डॉ. व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) अ‍ॅडलर यांच्या मंडळात होते, पण मतभेदामुळे १९२७ साली त्यांना मंडळ सोडावे लागले. त्यांच्या मते मनुष्याला सर्वांत आधी आपल्या जगण्याला अर्थ हवा असतो. शब्बाथशाळेत हजेरीसाठी बक्षिसे वाटणाऱ्या आपण शिक्षकांनी याचा विचार करावा.

फ्रँकल यहूदी होते. नाझींनी १९३८ साली ऑस्ट्रिया घेतला. पुढे ते एका यहूदी इस्पितळात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले, आणि त्या जागेमुळे त्यांच्या आईवडिलांनाही काही काळ संरक्षण मिळाले. १९४१ साली अमेरिकेचा व्हिसा त्यांच्या हाती आला. गेले तर जीव वाचणार, योजलेला ग्रंथही पुरा होणार. पण मग म्हाताऱ्यांचे काय? या विवंचनेत असताना त्यांना घरात संगमरवराचा एक तुकडा दिसला. जाळलेल्या सभास्थानाच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी तो उचलून आणला होता. तो दहा आज्ञांच्या पाटीचा भाग होता व त्यावर एकच सोनेरी इब्री अक्षर होते. कोणत्या आज्ञेचे, असे विचारता वडिलांनी सांगितले की, आईबापांचा मान राखण्याच्या. फ्रँकल यांनी व्हिसा वापरला नाही. मला वाटते, उत्तर त्यांच्या मनात आधीच होते. दगडाने ते बाहेर काढले.

सप्टेंबर १९४२ मध्ये सर्वांना तेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले. तेथे वडिलांच्या अखेरच्या घटकेला फ्रँकल जवळ होते. मॉर्फिन देऊन त्यांनी वडिलांच्या यातना कमी केल्या. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांची रवानगी आउश्विट्झला झाली. पत्नी टिली आपण होऊन बरोबर निघाली. निघताना त्यांनी आईचा आशीर्वाद मागून घेतला. थोड्याच दिवसांनी आईलाही तेथे नेऊन मारण्यात आले. टिली बेर्गन-बेल्सन येथे वारली. कोटात शिवलेले ग्रंथाचे हस्तलिखितही गेले. पुढे दुसऱ्या छावणीत तापाने फणफणत असता, मिळतील त्या चिठोऱ्यांवर त्यांनी ते पुन्हा मांडायला घेतले.

एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी छावणीतील अनुभवांचे पुस्तक नऊ दिवसांत सांगून लिहवून घेतले. १९४६ साली ते निघाले. त्यावर आपले नाव नसावे अशी त्यांची इच्छा होती. मित्रांनी आग्रह केला म्हणून ते घातले गेले.