शेतकऱ्यांनी अध्यक्ष केलेला प्राध्यापक

एप्रिल-मे महिन्यांत राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत गेले, की आंब्याच्या पेट्या भरण्याची धांदल दिसते. माल ट्रकने वाशीला रवाना होतो. भाव काय मिळाला, हे अनेक बागायतदारांना कळते ते दलालाची पट्टी हाती पडल्यावर. दलाली, हमाली, भाडे हे सारे तिच्यातून आधीच वजा झालेले असते. हंगामापूर्वी त्याच दलालाकडून उचल घेतली असेल, तर भावाबद्दल बोलायची सोयही उरत नाही. कर्ज देणारा आणि माल विकणारा एकच असला, की शेतकऱ्याचे हात दोन्हीकडून बांधले जातात.

हे दुखणे जुने आहे, आणि कोकणापुरते तर मुळीच नाही. १९३३ साली पुण्यातल्या एका तरुण संस्थेने शहराच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. फळ बागेतून गिऱ्हाइकाच्या हाती कसे पोचते, वाटेत कोणाकोणाचे हात लागतात, हा तिचा विषय होता. त्या संस्थेचे संचालक होते धनंजय रामचंद्र गाडगीळ.

गाडगिळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. शाळा नागपुरात झाली, पुढचे शिक्षण केंब्रिजला. तिथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी तो वाचला. सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्यपद सांभाळून ते पुण्यात आले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली भारत सेवक समाजाने गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन केली. तिचे संचालकपद गाडगिळांनी पुढली सुमारे छत्तीस वर्षे सांभाळले.

पुस्तकातले सिद्धान्त आपल्या मातीवर घासून पाहायचे, हा त्यांचा खाक्या होता. फळबाजार झाला, वाई तालुक्यातली शेती झाली, पुणे शहरातली कुटुंबे झाली. पाहणी करणाऱ्यांनी घरोघर जाऊन माहिती गोळा करायची आणि मगच मत बनवायचे. शेतीच्या कर्जपुरवठ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४५ साली आला.

मात्र महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्यांचे नाव पोचले ते प्रवरेमुळे. नगर जिल्ह्यातल्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळा फारशी शिकलेले नव्हते. पण उसाचे पैसे कुठे मुरतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ऊस पिकवणाऱ्यांनीच कारखाना काढावा, ही कल्पना घेऊन ते गावोगाव हिंडले आणि एकेका शेतकऱ्याकडून भाग-भांडवल जमवले. गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबई राज्याचे सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी मदतीचा हात दिला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याचे गाळप सुरू झाले.

या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ, आणि उपाध्यक्ष विखे पाटील! सभासद उसाचे मालक आणि अध्यक्ष पुण्याचा प्राध्यापक, हे वरवर विपरीत वाटेल. त्यामागे व्यवहार होता. कर्ज हवे होते औद्योगिक वित्त महामंडळाचे, परवानगी हवी होती सरकारची. अशा दारांत ज्याच्या शब्दाला वजन आहे, ज्याला हिशेब कळतो आणि ज्याचा स्वतःचा ऊस काट्यावर येणार नाही, असा माणूस मंडळावर असणे सर्वांच्याच सोयीचे होते. तरीही मालकी सभासदांचीच राहिली. भाग कितीही असोत, मत एकच. सुमारे दशकभर हे पद सांभाळून गाडगीळ बाजूला झाले आणि सूत्रे विठ्ठलरावांकडे आली. जाणकाराने मंडळावर यावे, संस्था उभी करावी आणि शेतकरी तयार झाला की खुर्ची सोडावी, हा धडा त्यांनी कृतीतून घालून दिला.

याच काळात रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी हाती घेतली. गोरवाला समितीचे गाडगीळ हे सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतली ६०० खेडी तपासून १९५४ साली अहवाल तयार झाला. निष्कर्ष डोळे उघडणारा होता : शेतकरी जे कर्ज काढत होता, त्यातले शंभरात जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांकडून येत होते. बाकी मुख्यतः सावकार आणि व्यापारी. समितीने सुचवले, की कर्ज, विक्री आणि गोदाम यांची एकत्र सांगड घाला आणि सहकारी संस्थांत सरकारनेही भागीदार व्हावे. सरकार आले म्हणजे अधिकारीच मंडळ चालवतील, अशी भीती अनेकांना वाटली. म्हणून सरकारनियुक्त संचालक एक तृतीयांशाहून अधिक नसावेत, अशी मर्यादाही घालून दिली गेली.

विक्रीची ही साखळी २ ऑक्टोबर १९५८ रोजी दिल्लीपर्यंत पोचली. त्या दिवशी 'नाफेड', म्हणजे राष्ट्रीय कृषी सहकारी पणन महासंघ, स्थापन झाला. खाली गावची सोसायटी, मग तालुक्याचा खरेदी-विक्री संघ, वर राज्याचा महासंघ आणि शिखरावर नाफेड, अशी ही उतरंड. राजापूरच्या शेतकऱ्याचा आवाज दिल्लीच्या मंडळापर्यंत जायचा, तर तो इतक्या पायऱ्या चढून जायला हवा. प्रत्येक पायरीवर प्रतिनिधी निवडला जातो, आणि प्रत्येक पायरीवर खालच्या माणसाचा विसर पडण्याची शक्यता वाढते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाफेडने खासगी व्यापाऱ्यांशी भागीदारीचे व्यवहार करून मोठ्या रकमा गुंतवल्या. त्या अडकल्या आणि संस्था कित्येक वर्षे कर्जाच्या ओझ्याखाली वाकली. २००२ च्या कायद्याने बहुराज्यीय संस्थांच्या संचालकांची संख्या २१ वर रोखली, २०२३ च्या दुरुस्तीने निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आणले. पण शेतकऱ्याला विसरलेले मंडळ नुसत्या कायद्याने सुधारत नाही.

गाडगिळांचे अखेरचे पर्व दिल्लीत गेले. १९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची, याचे जे सूत्र तेव्हा ठरले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने घ्यावी, या योजनेची पाळेमुळेही त्यांच्या अभ्यासगटात आहेत. १९७१ साली ते पदावरून दूर झाले आणि मे महिन्यात पुण्याकडे परतत असताना आगगाडीतच त्यांचे निधन झाले. सत्तरी नुकतीच उलटली होती.

सहकार म्हटले की आज निवडणुकीतली पॅनेल आणि घराणी आठवतात. गाडगिळांनी संचालक मंडळाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ज्याचा माल, त्याचे मत. ज्याला हिशेब कळतो, त्याची मदत. आणि सरकारचा हात, पण मर्यादेत. या तिन्हींचा तोल साधला, तर दलालाला पर्याय उभा राहतो. तोल ढळला, की जुन्या दलालाच्या जागी नवा येतो, एवढाच फरक. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस पुढच्या खेपेला घरी येईल, तेव्हा ती कोनाड्यात न टाकता वाचावी, सभेला जावे आणि ताळेबंदावर दोन प्रश्न विचारावेत. दिल्लीतल्या मंडळावर कोण बसणार, याची सुरुवात तिथूनच होते.