दारुड्याला पेशंट मानणारी डॉक्टर : डॉ. अनिता अवचट

पुण्यतिथी विशेष

१० फेब्रुवारी हा डॉ. अनिता अवचट यांचा स्मृतिदिन. १९९७ साली याच तारखेला त्या गेल्या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आपल्याकडं बऱ्याच जणांनी ऐकलंय. कुणाच्या भावकीतला, कुणाच्या मित्रांतला एखादा तिथं राहून आलेला असतो. पण ते केंद्र ज्या बाईनं उभं केलं आणि पहिली दहा वर्षं चालवलं, तिच्याबद्दल फारसं कुणाला माहीत नसतं. अवचट म्हटलं की लेखक अनिल अवचटच आठवतात. म्हणून आज बाईंविषयी.

अनिता उर्फ सुनंदा अवचट या मानसोपचारतज्ज्ञ. नोकरी येरवड्याच्या मनोरुग्णालयात. ज्या दवाखान्याचं नाव काढलं की लोक आजही हसतात किंवा घाबरतात, तिथं त्या रोज जायच्या. पती अनिल अवचट मूळचे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. तेही शिकून डॉक्टर झालेले, पण त्यांनी लेखन आणि समाजकार्याची वाट धरली. घर चालायचं ते बाईंच्या पगारावर. मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींना सांभाळण्यात अनिलरावांचा मोठा वाटा. त्या काळात असा संसार करणं सोपं नव्हतं.

१९८० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यात गर्द नावाची पावडर आली. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉइन. चांगल्या घरातली, शिकणारी पोरं तिच्या नादी लागली. घरातली भांडी विकण्यापर्यंत मजल गेली. अनिल अवचटांनी या पोरांत फिरून वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली, पुढं तिचं पुस्तक झालं. ती लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. यावर काहीतरी करा म्हणून त्यांनी एक लाख रुपयांची देणगी पुढं केली. १९८६ साली लाख ही मोठी रक्कम होती.

पैसा मिळाला, पण काम करणार कोण? लिहिणं वेगळं आणि तडफडणाऱ्या पोराला रात्रभर सांभाळणं वेगळं. ती जबाबदारी बाईंनी घेतली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झालं. उद्घाटन पु. लं.च्याच हस्ते झालं.

डॉक्टर नक्की काय करतो?

दारू सोडवायला मानसोपचारतज्ज्ञ कशाला, मनावर घेतलं की सुटते, असं पारावर सगळेच म्हणतात. इथंच आपली चूक होते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. कुणाला फिट येते, कुणाला नसलेली माणसं दिसतात. गावात म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग अंगारा, लिंबू. खरं तर शरीराला दारूची सवय झालेली असते आणि ती तुटताना जिवावरही बेतू शकतं. गर्द सोडताना अंग मोडून निघतं, त्या त्रासाला ही पोरं टर्की म्हणतात. हे पहिले दिवस औषधं देऊन, लक्ष ठेवून पार करावे लागतात. हे डॉक्टरचं पहिलं काम.

दुसरं काम, आत काय दडलंय ते शोधणं. कुणाला उदासीचा आजार असतो, कुणाला संशयाचा. पिण्यामुळं तो झाकला जातो किंवा वाढतो. त्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस पुन्हा बाटलीकडं वळायचा धोका मोठा असतो.

पण औषधानं सगळं होत नाही. ३५ दिवसांचा जो कार्यक्रम मुक्तांगणात रुळला, त्यात गोळ्यांपेक्षा बाकीचंच जास्त. सकाळी उठणं, स्वतःची कामं स्वतः करणं, योगासनं, गटात बसून मन मोकळं करणं. मारहाण नाही, बांधून ठेवणं नाही. पेशंटला नाव दिलं रुग्णमित्र. जो घरात, गावात फक्त बेवडा होता, त्याला कुणीतरी मित्र म्हणालं, याची किंमत त्यालाच कळते. जे बरे झाले, त्यांतलेच कित्येक पुढं तिथले कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले.

तिसरं काम घरच्यांचं. नवरा पितो तेव्हा बायकोही आतून आजारी पडते. लपवते, कर्ज फेडते, मार खाते, आणि चूक आपलीच असं मानून बसते. मुक्तांगणात बायकांचा वेगळा गट झाला, नाव सहचरी. बाई तिथं पहिल्यांदा मोकळेपणी बोलते.

आणि सगळ्यांत लांबचं काम घरी गेल्यानंतरचं. शेतकऱ्याला हे लवकर कळेल. हराळी वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, पण काड्या जमिनीत असतात. पाऊस पडला की पुन्हा फुटते. म्हणून वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. व्यसनाचंही तसंच. फॉलो-अपला येणं, मीटिंगला बसणं हे उपचारच आहेत. दारू सोडून एक वर्ष झालं की मुक्तांगणात त्याचा वाढदिवस साजरा होतो. आणि घसरून पुन्हा आला, तर त्याला हाकलत नाहीत, परत उभं करतात.

हे सगळं चालू असतानाच बाईंना कॅन्सर झाला. आजार वर्षानुवर्षं चालला. दुसऱ्यांना आजचा दिवस काढायला शिकवणाऱ्या बाईंवर स्वतः तशीच वेळ आली. त्यांनी काम सोडलं नाही. त्या गेल्यावर मुक्तांगण बंद पडेल असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. मानसशास्त्र शिकलेली मुलगी मुक्ता पुणतांबेकर हिनं आणि बऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांनी काम पुढं नेलं. बाईंच्या नावानं संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो, तो संकटाशी झगडून उभ्या राहिलेल्या माणसांना.

आपल्यासाठी काय?

कांद्याची पट्टी झाली की अर्धा पैसा कुठं जातो, हे सांगायला नको. बायका एकत्र येऊन, मतदान करून गावातलं दुकान बंद पाडतात. ते चांगलंच आहे. पण ज्याला आधीच व्यसन लागलंय, तो दुसऱ्या गावाला जाऊन पितो. त्याला उपचारच लागतात.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं दाखवा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६ आहे. दोन्ही फुकट. एक गोष्ट मात्र करू नका. दारू सोडवायचं औषध त्याला न सांगता जेवणात, चहात घालू नका. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब घसरून माणूस दगावू शकतो. असलं औषध डॉक्टरच्या सल्ल्यानं आणि त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

येरवड्याला न्यायचं म्हणजे वेड्यात काढलं, असं समजून किती घरांनी उशीर केला असेल. बाईंनी त्याच आवारात हजारोंची घरं पुन्हा मांडून देणारं काम सुरू केलं. आपल्या गल्लीतल्या एकाला जरी यंदा डॉक्टरपर्यंत नेलं, तरी त्यांची पुण्यतिथी पाळल्यासारखं होईल.