विश्लेषण : पैनगंगेवर निजामाचे राज्य का संपायचे? वऱ्हाडासाठी झगडलेल्या सालारजंगांची गोष्ट

हिंगोलीहून वाशीमकडे निघालात की कनेरगाव नाक्यापाशी पैनगंगा लागते. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. दोन्ही काठांवर बोली जवळपास सारखी, कापूस-सोयाबीन तेच, सोयरिकीही होतात. तरीही १०० वर्षांच्या आसपास या नदीच्या एका काठावर निजामाचा कारभार होता आणि दुसऱ्या काठावर इंग्रजांचा. ही रेघ १८५३ मध्ये ओढली गेली आणि तिचा हिंगोलीशी थेट संबंध आहे. ती पुसण्यासाठी हैदराबादच्या एका दिवाणाने ३० वर्षे खटपट केली. त्याचे नाव मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग.

रेघ कशी ओढली गेली?

१८०० च्या तहानुसार युद्धप्रसंगी निजामाने इंग्रजांना फौज द्यायची होती. प्रत्यक्षात शांततेच्या काळातही एक कायमची फौज उभी राहिली. हीच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीत होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. खजिना रिकामा असे, म्हणून पगारासाठी कर्ज काढले जाई. पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने जबर व्याजाने पैसे पुरवले. पेढी बुडाली, कर्ज मात्र राहिले.

अखेर लॉर्ड डलहौसीने थकबाकीचा तगादा लावला. मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआब फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा हा अजब व्यवहार होता. वाशीम, पुसद, उमरखेड पलीकडे गेले.

२४ व्या वर्षी दिवाण

तह झाला तेव्हा दिवाण होते सिराज-उल-मुल्क, सालारजंगांचे चुलते. तहानंतर काही दिवसांतच ते वारले. दिवाणगिरी पुतण्याकडे आली. १८२९ मध्ये जन्मलेला हा तरुण तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा होता. वारशाला कर्ज आणि हातचा गेलेला सुपीक मुलूख आला.

राज्याची अवस्था बिकट होती. महसूल गोळा करण्याचे मक्ते दिले जात. अरब आणि रोहिले सरदारांनी कर्जापोटी परगणेच्या परगणे गहाण ठेवून घेतले होते. सालारजंगांनी ही गहाणे हळूहळू सोडवली, मक्तेदारांऐवजी पगारी अधिकारी नेमले. १८६५ ची जिल्हाबंदी ही त्यांची मोठी कामगिरी. मराठवाड्यातील जिल्हा-तालुक्यांच्या रचनेचे मूळ तिच्यात आहे. यामागे वऱ्हाडाचा हिशेबही असावा. कारभार नीट नाही, हे मुलूख काबीज करण्याचे इंग्रजांचे आवडते कारण होते. ते त्यांच्या हाती लागू द्यायचे नव्हते.

१८५७ : निष्ठेचा मोबदला किती?

१८५७ च्या उठावात हैदराबादेत रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन त्याचे पुढारी होते. सालारजंगांनी इंग्रजांची बाजू घेतली. हैदराबाद फुटले असते तर दक्षिण हातची गेली असती, हे इंग्रजही जाणून होते. म्हणूनच उठाव लढवय्यांच्या आठवणीत सालारजंगांचे स्थान वादाचे आहे, आणि ते तसे असणे रास्तच.

बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले, शोरापूरही मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. कापसाचा पट्टा हातचा सोडायला इंग्रज तयार नव्हते.

१८६९ मध्ये गादीवर आलेले महबूब अली खान तान्हे मूल होते. सालारजंग कारभारी पालकांपैकी एक झाले. त्यांनी नवा प्रस्ताव मांडला : फौजेच्या पगाराची हमी म्हणून एकरकमी ठेव देतो, वऱ्हाड परत करा. इंग्रजांनी नकार दिला. १८७६ मध्ये ते स्वतः युरोपात गेले. पॅरिसमध्ये पाय घसरून जायबंदी झाले, तरी इंग्लंड गाठले. लंडनमध्ये मानसन्मान झाला, ऑक्सफर्डने पदवी दिली. वऱ्हाड काही मिळाले नाही. याच प्रवासात रोममध्ये घेतलेला झिरझिरीत बुरख्यातल्या रेबेकाचा संगमरवरी पुतळा आज हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गर्दी खेचतो. संग्रहालयाचा बराचसा खजिना मात्र त्यांच्या नातवाने, तिसऱ्या सालारजंगांनी जमवलेला आहे.

फेब्रुवारी १८८३ मध्ये पटकीने सालारजंगांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये युरोपीय सत्ता आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवायला बसल्या. काही वर्षांत ब्रिटन आणि जर्मनीने आखलेल्या सीमेमुळे मसाईंचा मुलूख दुभंगला. तीच रेघ आज केनिया आणि टांझानियाची हद्द आहे.

वऱ्हाडाचे पुढे काय झाले?

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय फौजेत विलीन झाली. जिच्या पगारासाठी मुलूख गेला ती फौजच उरली नाही, मुलूख मात्र परत आला नाही.

रेघेच्या खुणा रुळांवरही दिसत होत्या. वऱ्हाडात भुसावळ-नागपूर रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली. हिंगोलीला पूर्णेकडून येणारी गाडी १९१२ मध्ये आली आणि तिथेच थांबली. अकोल्याशी रुळांची जोड मिळाली ती स्वातंत्र्यानंतर.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत दोन्ही काठ पुन्हा एका राज्यात आले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पण दप्तरे अजून वेगळी आहेत. विदर्भात कुणबी असल्याच्या नोंदी मोठ्या संख्येने मिळतात. मराठवाड्यात त्या उर्दू, फारसी आणि मोडीतल्या निजामकालीन कागदांत शोधाव्या लागतात. यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय निघाला. प्रमाणपत्रासाठी हिंगोलीच्या तहसीलमध्ये पणजोबाचा कागद शोधणारा माणूस निजामाच्या दप्तरात शिरतो. नदीपलीकडच्या त्याच्या सोयऱ्याला इंग्रजी अमलातले दप्तर उघडावे लागते.