भुकेच्या आठवणीतून उभी राहिलेली माया

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ यांचीच चर्चा अधिक होते. त्यांनी कोवळ्या वयात सोसलेली भूक मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. केडगावला असंख्य निराधार मुलींची आई झालेल्या या विदुषीची माया त्या भुकेच्या आठवणीवरच पोसलेली होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे आईनेच लेकीला पहाटे उठवून पुराणे मुखोद्गत करविली. स्त्रीची बुद्धीही विद्येला पात्र आहे, हा विश्वास रमाबाईंना घरातच मिळाला. स्वतःला हीन न लेखण्याचा हा संस्कार त्यांना आयुष्यभर पुरला.

तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणारा हा संसार १८७४च्या सुमारास दुष्काळात उद्‌ध्वस्त झाला. जवळचे सारे दानधर्मात आणि देवकार्यात संपले होते. अकरा दिवस पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. मुलाने मोलमजुरीची तयारी दाखवली तेव्हा तो मागे पडला. पण वडील वाचले नाहीत. पाठोपाठ आईही अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी शेजारी भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, परंतु आईला ती खाण्याचे त्राण उरले नव्हते. आईची तिरडी उचलायला पुरेसे खांदेही मिळाले नाहीत. ठेंगण्या रमाबाईंना आपला भार डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

भाऊ श्रीनिवास याच्यासह देशभर पायपीट करीत त्या १८७८मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८०मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीची बंधने झुगारून नोंदणी विवाह केला. १८८२च्या प्रारंभी पतीचेही पटकीने निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी आपुलकीने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना शास्त्रांनी सांगितलेली कठोर शासने त्यांना ठाऊक होती. त्यांच्यावर प्रेमही करता येते, हे त्या प्रथमच पाहत होत्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र नव्या धर्मातही त्यांनी आपली विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी भगिनी जेराल्डिन यांना निक्षून कळवले.

अमेरिकेत मदत उभी करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यात आणले. त्यांच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा पुण्यात गहजब झाला. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील, या आश्वासनाचा भंग झाल्याचा आक्षेप घेत १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना आपली श्रद्धा लपवली, ना काम थांबवले.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीचे ते दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छपाई अशी कामे मुली शिकल्या. अंधांना ब्रेल लिपी शिकवली गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. हा आश्रम उघडपणे ख्रिस्ती होता आणि त्यावर टीकाही होत राहिली.

या मायेमुळे त्यांची वाणी मवाळ झाली नाही. १८९७मध्ये पुण्यातील प्लेगच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी वृत्तपत्रात जाहीरपणे मांडली. राज्यकर्ते आपल्याच नव्या धर्माचे आहेत, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. त्याची छपाई आश्रमातील स्त्रियाच करीत. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. झालेला अन्याय विसरून जाणे म्हणजे प्रेम, असे त्यांनी कधी मानले नाही. तो त्यांना लख्ख आठवत होता, म्हणूनच दारात आलेल्या भुकेल्या मुलीला त्यांनी आधी तिची जात विचारली नाही, ताट वाढले.