मार्कोनी आणि आकाशातली खरखर

वळवाच्या विजा चमकू लागल्या की आपल्या भंडाऱ्यात रेडिओ खरखरतो. प्रत्येक विजेतून बिनतारी लहरी उठतात, त्यामुळे हे घडते. या खरखरीने मार्कोनींनाही पुष्कळ छळले.

इटलीत १८७४ साली जन्मलेल्या मार्कोनींनी १९०१ साली अटलांटिकपार बिनतारी खूण पोहोचविली. १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या लांब लहरींत विजांचा गोंगाट मिसळे, अक्षरे बुडत, संदेश पुन्हा पाठवावा लागे. यंत्रे मोठी केली, खांब उंच केले. खर्च वाढला, गोंगाट राहिलाच.

मग १९२३ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःच्या बोटीवर आखूड लहरी तपासल्या. त्यांत खरखर कमी. शिवाय तारांचे पडदे उभारून एकाच दिशेने बोलता-ऐकता येई, म्हणून इतर बाजूंचा गोंगाट गळे. १९२७ साली याच रीतीने आपली खडकी व दौंडची केंद्रे इंग्लंडशी जोडली गेली: खडकीहून संदेश जाई, दौंडला येई.

१९३७ साली ते वारले. मी सातवी शिकलेली गृहिणी. चाळिशीनंतर स्वयंपाकाची रीत बदलणेही मला जड जाते. ज्या लांब लहरींनी कीर्ती दिली, त्याच बाजूला सारणे मला त्यांचे खरे धैर्य वाटते.